गौरी यायच्या आत पट्टा गेला पाहिजे

रंगकामाचा खरा हंगाम मार्च ते मे. तेव्हा भिंती खडखडीत वाळलेल्या असतात आणि कोणी बोलवत नाही. सगळी सांगली जागी होते गणपतीच्या आधी पंधरा दिवस, श्रावणाची ओल भिंतीत मुरलेली असताना.

हे काम गावभागातलं. खोली दहा बाय बारा, उंची दहा फूट, दार-खिडक्या वजा जाता चार ब्रास, म्हणजे चारशे चौरस फूट. मजुरीसकट सहा हजार, वर रुपया नाही. काकूंची अट एकच, “गौरी यायच्या आत तो पट्टा गेला पाहिजे बघा.” पट्टा म्हणजे २०१९च्या पुराची रेघ. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५. ह्या खोलीत पाणी पाच फुटांवर थांबलं. त्यानंतर दोनदा रंग झाला आणि दोन्ही वेळा चहा सांडल्यासारखी रेघ परत उमटली.

उमटणारच. पुराच्या गाळातलं डागाचं द्रव्य पाण्यात विरघळतं. डिस्टेंपर पाण्याचं, वॉटर प्रायमरही पाण्याचा. ओला ब्रश फिरला की डाग सुटतो आणि रंग वाळताना पाण्याबरोबर वर येतो. असे पाच हात मारले तरी तेच. तिथे टर्पेंटाइनमध्ये पातळ होणारा ऑइल प्रायमरच लागतो. आधीच्या दोघांनी तो का टाळला, हे मला कळत नाही. लिटरमागे असे कितीसे पैसे वाचले असतील?

पण ऑइल प्रायमर ओल्या भिंतीवर चालत नाही, फुगे येतात. म्हणून दोन फूट चौरस प्लास्टिकचे दोन तुकडे चारही कडांनी चिकटपट्टी लावून बसवले, एक जमिनीपासून फूटभर वर, एक रेघेवर. सकाळी खालच्याच्या आतल्या बाजूला थेंब, वरचा कोरडा. तीन फुटांखाली लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून फुटणारा पांढरा खार, लागला होता. त्यावर आधीच्या मिस्त्रीने पुट्टी ओढलेली, ती पापडासारखी हातात आली. दुकानदार अशा वेळी डॅम्पप्रूफचा डबा पुढे करतो. आतून तो फासला तरी मागचं पाणी त्याला ढकलून टाकतं, पैसे पाण्यात.

खालचे तीन फूट पत्रीने प्लॅस्टरपर्यंत खरवडले. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा आणि पडलेली पूड उचलून घराबाहेर न्यायची. धुतला तर विरघळून परत आत जातो. मग रात्रभर भिजवलेला कळीचा चुना कापडातून गाळून, थोडा डिंक घालून, पातळ तीन हात. चुन्यातून ओल बाहेर पडते. पुढच्या वर्षी पुन्हा लोणा फुटला तर झाडून एक हात मारायचा, खर्च शंभराच्या आत. काकूंना ते पटलं नाही. “खाली पांढरं, वर पिस्ता, शाळा वाटती ओ.”

वरच्या भागात सैल डिस्टेंपर खरवडलं, खड्ड्यांना तेवढी पुट्टी. किलोला साडेतीनशे-चारशे मिली पाणी, आणि दोन तासांत संपेल एवढीच कालवायची. ती पूर्ण वाळल्यावर १८० नंबरचा पॉलिशपेपर, धूळ पुसून रेघेवर दीड फूट रुंदीत ऑइल प्रायमर. लिटरभर पुरला. रात्रभर वाळू दिला. बाकी भिंतीला वॉटर प्रायमर, मग चुन्याच्या वर सगळीकडे डिस्टेंपरचे दोन हात.

डाग गेला. पण संध्याकाळी ट्यूब लावली आणि दीड फुटांचा दुसराच पट्टा दिसला. रंग तोच, पण जरा गुळगुळीत, किंचित गडद. ऑइल प्रायमरखाली भिंत रंग पीत नाही, वॉटर प्रायमरवर पिते. तिरक्या उजेडात तो फरक लपत नाही.

तीन फुटांपासून छतापर्यंत सगळाच ऑइल प्रायमर मारला असता तर हे झालं नसतं. वॉटर प्रायमरचे पैसे वाचवून वर दोन-तीनशेच लागले असते, तेवढे छताच्या रंगातून निघाले असते. पण घरात आजींना दमा. दीड फुटांच्या पट्ट्याचा वास दोन दिवस घुमत होता, आजी शेजारी जाऊन झोपल्या. सगळ्या भिंतीचा वास आठवडाभर राहिला असता, आणि गौरी चार दिवसांवर.

काकूंनी पूर्ण पैसे दिले. पट्ट्याबद्दल काही बोलल्या नाहीत. ट्यूब मात्र दुसऱ्या भिंतीवर घ्यायला वायरमनला निरोप धाडला.