पंप किती एचपीचा आहे?

लातूरचे आमचे घर विकायला काढले, तेव्हा दलालाने जाहिरातीत हौसेने 'बोअर, इन्व्हर्टर व हीट पंपासह' असे छापले. पहिल्या आठवड्यात जे फोन आले, त्यांतल्या बहुतेकांनी मला एकच प्रश्न विचारला, "पंप किती एचपीचा आहे?" आमच्याकडे पंप म्हटले की तो विहिरीवरचा नाहीतर बोअरमधला. हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या यंत्रालाही पंप म्हणतात, हे समजावून सांगण्यात माझी दहा मिनिटे जात आणि शेवटी समोरचा म्हणे, "म्हणजे गीझरच की." त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. ते यंत्र गच्चीवर बसवायला आमचे १ लाख ६० हजार रुपये गेले होते, आणि घर विकताना त्यातले किती परत येतील या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या एका वाक्यात होते. उरलेले निम्मे समजायला मला सात महिने लागले.

यंत्र वडिलांनी बसवले होते. घराच्या वरच्या मजल्यावर चार खोल्या आहेत आणि ट्यूशन एरिया चालत पंधरा मिनिटांवर असल्यामुळे त्या खोल्यांत वर्षानुवर्षे वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणारी मुले राहत आली. दहा मुलांना हिवाळ्यात सकाळी सहाच्या आत गरम पाणी हवे असते. आधी तीन इलेक्ट्रिक गीझर होते. त्यांचे बिल पाहून वडील हैराण झाले. सोलर हीटर बसवून पाहिला, पण आमच्या बोअरचे पाणी इतके जड, की काचेच्या नळ्यांत दोन वर्षांत पांढरा थर बसला आणि पाणी कोमट येऊ लागले. मग कुणीतरी हीट पंप सुचवला. फ्रिज आतली उष्णता ओढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. तेच काम हे यंत्र बाहेरच्या हवेवर करते आणि उष्णता टाकीतल्या पाण्याला देते. विजेचा उपयोग उष्णता निर्माण करण्यासाठी होत नाही, ती इकडून तिकडे नेण्यासाठी होतो, आणि म्हणून एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांची उष्णता मिळते. तीनशे लिटर पाणी वीस अंशांवरून पन्नास अंशांवर न्यायला सुमारे साडेदहा युनिट उष्णता लागते. गीझर ती जवळजवळ सगळी मीटरमधून घेतो, हीट पंप साडेतीन युनिटांत काम उरकतो.

वडिलांनी यंत्राला स्वतंत्र सबमीटर लावून घेतला होता आणि रोजचा आकडा शाळेच्या दोनशे पानी वहीत लिहिला होता. सुरुवातीच्या पानांवर ४.३, ४.४, ४.२ असे आकडे आहेत. मग एका पानावर त्यांनी लाल पेनाने लिहिले आहे, 'टायमर पहाटे ४ ऐवजी दुपारी १', आणि दुसऱ्या दिवसापासून आकडा ३.५ आणि ३.६ वर आला आहे. आमच्याकडे डिसेंबरात पहाटे कडाक्याची थंडी पडते. परभणीला तर पारा काही हिवाळ्यांत पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. पण त्याच दिवशी दुपारी ऊन अठ्ठावीस-तीस अंशांचे असते. यंत्र हवेतूनच उष्णता घेते, तेव्हा हवा जितकी उबदार तितकी वीज कमी, हे वडिलांनी माहितीपत्रक न वाचता, वहीतल्या आकड्यांवरून शोधले. टाकीला जाड आवरण असल्याने दुपारचे पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी दोन-तीन अंशच उतरते.

ते गेल्यानंतर घर विकायचे ठरले. मी छत्रपती संभाजीनगरला, बहीण पुण्याला. मुलांच्या खोल्यांकडे बघणारे कोणी राहिले नाही. किंमत ठरवायची वेळ आली, तेव्हा अमेरिकेतल्या मावसभावाने मला एक अभ्यास पाठवला. 'नेचर एनर्जी' या नियतकालिकात २०२० मध्ये तो आला आहे. अमेरिकेतल्या २३ राज्यांतल्या घरविक्रीच्या आकड्यांवरून संशोधकांनी काढलेला निष्कर्ष असा, की हीट पंप असलेली घरे सरासरीने ४.३ ते ७.१ टक्के जास्त किमतीला, म्हणजे १०,४०० ते १७,००० डॉलर जास्त घेऊन विकली गेली. मी लगेच हिशेब केला. आमच्या घराची अपेक्षा ऐंशी लाखांची, म्हणजे यंत्राचे साडेतीन लाखांपासून पावणेसहा लाखांपर्यंत यायला हवेत. १ लाख ६० हजारांच्या, चार वर्षे वापरलेल्या वस्तूचे साडेतीन लाख! हिशेब पुरा होण्याआधीच मला त्यातली चूक दिसायला हवी होती.

तिथला हीट पंप हा घराचा हीटर आणि एसी दोन्ही असतो. हिवाळ्यात तो सबंध घर उबदार ठेवतो, उन्हाळ्यात तेच घर गार करतो, आणि तो नसेल तर घेणाऱ्याला भट्टी आणि एसी दोन्ही वेगळे घ्यावे लागतात. आमचा फक्त आंघोळीचे पाणी तापवतो. तेसुद्धा वर्षातले सहा-सात महिने. कारण एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या काळ्या टाकीतले साधे पाणीच दुपारी अंगावर घेववत नाही. त्या अभ्यासातही असे म्हटले आहे, की सौम्य हवामानाच्या भागातले, पर्यावरणाची जाण असलेले मध्यमवर्गीय ग्राहक जास्त किंमत द्यायला तयार होतात. म्हणजे वाढीव किमतीचा मोठा भाग घेणाऱ्याच्या मनात असतो, यंत्रात नसतो.

आणि लातूरच्या ग्राहकाच्या मनात काय असते, ते मी सात महिने ऐकत होतो. पहिला प्रश्न, "घर कॉलमचं हाय का?" ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट इथल्या कुठल्याही घरव्यवहारात आजही हजर असते; वीस-पंचविशीतला मुलगा, जो तेव्हा जन्मलाही नव्हता, तोसुद्धा भिंतीवर बोटे वाजवून कॉलम कुठे आहेत ते विचारतो. दुसरा प्रश्न पाण्याचा. नळाला पाणी किती दिवसांआड येते, बोअर किती फुटांवर लागला, मे महिन्यात आटतो का, २०१६ ला काय झाले होते? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरात हा प्रश्न कुतूहलाचा नसतो. आमचा बोअर त्या वर्षीही तासभर चालत होता, हे वाक्य मी जितक्या वेळा उच्चारले तितक्या वेळा समोरच्याच्या चेहऱ्यावर फरक पडलेला पाहिला. हीट पंपाबद्दल बोलताना तो फरक कधीच दिसला नाही. पाणी आहे का याची खात्री झाल्याशिवाय ते गरम आहे का याला मोल येत नाही, असा सरळ क्रम आहे, आणि मला तो पूर्णपणे वाजवी वाटतो.

तिसरी गोष्ट बँकेची, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत निर्णायक. पहिल्या गंभीर ग्राहकाने, उदगीरकडच्या एका शिक्षक दांपत्याने, कर्जासाठी बँकेच्या व्हॅल्युअरला पाठवले. त्याने टेपने प्लॉट मोजला, बांधकाम परवाना आणि बांधकामाचे वर्ष लिहून घेतले, स्लॅबला ओल आहे का ते पाहिले, आणि मग गच्चीवर त्याच तीनशे लिटरच्या टाकीवर कागद टेकवून त्याने फॉर्म भरला. त्या फॉर्ममध्ये टाकीसाठी रकाना नव्हता. जमिनीचा दर, बांधकामाचा दर, वयानुसार घसारा, एवढ्यावर मूल्य निघते. रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरपत्रकाचीही रीत हीच आहे. याचा अर्थ, हीट पंपासाठी ग्राहकाने एक लाख जास्त द्यायचे ठरवले, तरी त्यावर त्याला कर्ज मिळत नाही. ते एक लाख त्याला स्वतःच्या खिशातून, आणि तेही इसार, मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि सामानाची हलवाहलव यांचा खर्च चालू असताना काढावे लागतात. बाथरूममधल्या टाइल्सचेही असेच असते, पण टाइल्स पहिल्या भेटीत डोळ्यांत भरतात आणि हीट पंप गच्चीवर कबुतरांच्या संगतीत उभा असतो.

गुरुजींनी ७६ लाख सांगितले आणि वर मोठ्या मनाने म्हणाले, "ते गरम पाण्याचं मशीन तुम्ही काढून न्या. आमच्या घरात गॅस गीझर पुरतो." मी एका जुन्या सामानवाल्याला बोलावून विचारले. त्याने टाकी ठोकून पाहिली आणि बारा हजार सांगितले, उतरवण्याचा खर्च माझ्याकडे. जागेवर चालू असलेली वस्तू आणि उतरवलेली वस्तू यांच्या किमतीत किती अंतर असते, ते तेव्हा कळले. कायद्याचीही बाजू आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या आठव्या कलमानुसार घर विकले की कुलपे, किल्ल्या, दारे, खिडक्या आणि घराबरोबर कायमच्या वापरासाठी पुरवलेल्या इतर वस्तू घराबरोबरच जातात, वेगळे काही ठरले असेल तर गोष्ट निराळी. म्हणून यंत्र न्यायचे असो की ठेवायचे असो, ते इसार पावतीतच लिहून घ्यावे. नंतरची भांडणे बारा हजारांपेक्षा महाग पडतात.

गुरुजींनी आणखी एक प्रश्न विचारला होता आणि तो मला आजही योग्य वाटतो: "बिघडलं तर लातुरात माणूस मिळतो का?" प्रामाणिक उत्तर 'नाही' असे होते. तिसऱ्या हिवाळ्यात पाणी तापायला दुप्पट वेळ लागू लागला, तेव्हा विक्रेत्याचा माणूस पुण्याहून यायला सोळा दिवस लागले. तोपर्यंत वरची मुले बादल्यांत रॉड टाकून आंघोळी करत होती आणि खालचा मीटर भिंगरीसारखा फिरत होता. दोष यंत्राचा असा नव्हता. जड पाण्याने आत थर धरला होता आणि टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेला मॅग्नेशियमचा रॉड झिजून काडीएवढा उरला होता. पाच-सहाशे रुपयांचे ॲसिड आणि एक नवा रॉड, इतकेच काम. पण स्थानिक प्लंबर त्याला हात लावायला तयार नव्हता, आणि ज्या वस्तूला गावातला प्लंबर हात लावत नाही, तिच्यासाठी गावातला ग्राहक पैसे मोजत नाही.

शेजारच्यांचे घर आमच्या आधी दोन महिने विकले गेले. त्यांच्या गच्चीवर तीन किलोवॉटचे सोलर पॅनेल आहेत. त्यांना मात्र घेणाऱ्याने सोलरबद्दल आपणहून विचारले, कारण महावितरणच्या बिलावर तो फायदा छापून येतो. वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तरीही त्यांना त्याचे वेगळे पैसे फार मिळाले नाहीत. फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि नवी वस्तू अनुदान वजा जाऊन ज्या भावात मिळते, त्याच्या वर वापरलेल्या वस्तूचा भाव चढत नाही.

आमचे घर शेवटी गुरुजींनी घेतले नाही. घेणाऱ्या गृहस्थांचे आधीच दोन होस्टेल आहेत. त्यांनी कॉलम पाहिले, बोअरची मोटार चालवून घड्याळ लावून बसले, आणि वर गेल्यावर विचारले, "पोरांच्या पाण्याला महिन्याला किती लागतं?" मी वडिलांची वही काढून दिली. ते पायरीवर बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि मोबाइलवर बेरजा करू लागले. गीझरचे साडेदहा, याचे साडेतीन. रोजचे सात युनिट वाचले. महिन्याचे दोनशे दहा. दहा रुपये दराने एकवीसशे. हिवाळ्याचे चार महिने पूर्ण, पावसाळ्याचे काही महिने निम्मे, उन्हाळा शून्य. वर्षाचे बारा-साडेबारा हजार. मग त्यांनी वर पाहिले, "अजून सहा-सात वर्षं चालंल?" मी रॉडची आणि सोळा दिवसांची सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "माझ्याकडं फ्रिजचा मेकॅनिक हाय, तो बघंल."

त्यांनी आधी सांगितलेल्या ७८ लाखांवर पन्नास हजार वाढवले. राहते घर घेणारा माणूस गरम पाणी ही सोय समजतो आणि सोय त्याला गॅसच्या गीझरमधूनही मिळते. खोल्या भाड्याने देणारा तेच पाणी दर महिन्याचा खर्च म्हणून पाहतो, म्हणून वाचलेल्या खर्चाची काही वर्षांची किंमत आज मोजायला तो तयार होतो. यंत्र तेच, गच्ची तीच. आणि तेही वही होती म्हणून. नुसत्या माझ्या शब्दावर त्यांनी पाच हजारसुद्धा वाढवले नसते. बाकीच्या पैशांतले काही वडिलांनी चार हिवाळ्यांत बिलातून थोडे थोडे परत घेतले होते, तेवढेच.

इसार पावतीत मी लिहून घेतले: 'सबमर्सिबल मोटार, इन्व्हर्टर व बॅटरी, ३०० लिटर क्षमतेचा हीट पंप सबमीटरसह, चालू स्थितीत.' सह्या झाल्यावर त्यांनी किल्ल्यांबरोबर वहीही मागितली. मी चौकातल्या दुकानात जाऊन तिच्या झेरॉक्स काढून आणल्या आणि त्या त्यांना दिल्या.