तुम्ही विचारलंत म्हणून: मॅटवर तिचा चेहरा दगडासारखा का होतो?

ठाण्यात रिदमिक जिम्नॅस्टिक्स (संगीतावर हूप, बॉल, क्लब्ज किंवा रिबन घेऊन करायचा प्रकार) शिकणाऱ्या मुलींचे पालक, मग ते नौपाड्यातले असोत की घोडबंदर रोडचे, स्पर्धा संपली की हमखास विचारतात: "घरी आरशासमोर किती छान करते, गॅदरिंगला पहिल्या रांगेत नाचते, मग मॅटवर गेल्यावर चेहरा असा का होतो? याचे गुण कापतात का? आणि हसायला शिकवायचं कसं?"

गुणांचं आधी सांगते, ते सोपं आहे. कापतात, पण सगळीकडे नाही. आर्टिस्टिकमध्ये, म्हणजे जिम्नॅस्टिक्सच्या दुसऱ्या प्रकारात, व्हॉल्ट (धावत येऊन मारायची उडी) आणि अनइव्हन बार्सवर (वरखाली दोन दांड्या) चेहऱ्याला काही गुण नसतात. बीम (अरुंद पट्टी) आणि फ्लोअरवर (जमिनीवरचा प्रकार) मात्र आत्मविश्वास दिसला नाही, किंवा फ्लोअरवर संगीताशी नातं जाणवलं नाही, की ०.१, ०.१ असे गुण जातात. रिदमिकमध्ये २०२२ च्या नियमावलीपासून आर्टिस्ट्रीचा (कलात्मक सादरीकरणाचा) गुणच वेगळा झाला. त्याला वेगळे जज, सुरुवात १० पासून, आणि चेहऱ्यावरचे भाव हा त्यांच्या तपासणीतला एक भाग. हसलंच पाहिजे असं मात्र कुठेही म्हटलेलं नाही. संगीत गंभीर असेल तर चेहरा गंभीरच हवा; फक्त तो जिवंत हवा.

तो मरतो कुठे, हे बघायचं असेल तर एकच फेक नीट बघा. हूप उंच फेकायच्या आधी मुलगी पोट आवळते, श्वास कोंडते, जबडा घट्ट मिटते. हूप वर असताना दोन गिरक्या किंवा कोलांट्या, मग झेल. झेल लागला तरी कोंडलेला श्वास सुटत नाही, कारण डोक्यात पुढची फेक सुरू झालेली असते. वैयक्तिक रूटीन (संगीतावरची पूर्ण रचना) ७५ ते ९० सेकंदांचं. त्यात असं पाच-सहा वेळा झालं की मान आखडते, खांदे वर चढतात, कपाळ आणि गाल हलेनासे होतात. अशा वेळी कोचने बाजूने "स्माइल!" म्हटलं की ती ओठ तेवढे ताणते आणि चेहरा आणखी केविलवाणा दिसतो.

म्हणून सुरुवात श्वासापासून करा. रूटीनचा कागद घ्या, आठ-आठ मात्रांचे तुकडे लिहा आणि श्वास कुठे सोडायचा तिथे पेन्सिलने खूण करा. फेकीआधी नाकाने श्वास घ्यायचा, झेल हाताला लागला की तोंडाने सोडायचा. सरावात तो 'हूं' असा ऐकू आला पाहिजे. स्पर्धेपर्यंत आवाज आपोआप जातो. ओठ अलगद मिटलेले, वरचे-खालचे दात एकमेकांवर आवळलेले नकोत. काही मुलींची एकाग्र झाल्या की जीभ बाहेर येते. ती सवय पहिल्या महिन्यातच मोडा, उडी मारून उतरताना दाताखाली जीभ सापडते.

दुसरी गोष्ट नजर. साहित्य (हूप, बॉल वगैरे) हवेत असताना डोळे साहित्यावरच हवेत. तेव्हा जजकडे बघ, भाव दाखव, असं मुलीला सांगणं चुकीचं आहे, आणि कोणताही समंजस जज ते मागत नाही. आपल्याकडे एक अडचण आणखी आहे. आपले बरेच वर्ग शाळेच्या हॉलमध्ये चालतात. छत खाली, वर पंखे, त्यामुळे फेक अर्ध्या उंचीची होते. मग स्पर्धेच्या मोठ्या इनडोअर हॉलमध्ये फेक पूर्ण उंचीची गेली, की वरच्या दिव्यांत बॉल क्षणभर दिसत नाही आणि भीती थेट चेहऱ्यावर उतरते. हा अभिनयाचा प्रश्न नाहीच. स्पर्धेआधी निदान काही सराव उंच छताखाली किंवा सकाळी मोकळ्या मैदानात करून घ्या (रिबन सोडून, वाऱ्यात तिचा गुंताच होतो). अनोळखी उंचीची सवय झाली की चेहरा निम्मा सुधारतो.

मग भाव दाखवायचे कुठे? रूटीनमध्ये त्यासाठी चार-पाच जागा ठरवा, त्याहून जास्त नको. सुरुवातीची पोझ, पहिल्या मोठ्या झेलानंतरची दोन पावलं, डान्स स्टेप्सचे तुकडे, संगीताची चाल बदलते ती जागा आणि शेवटची पोझ. प्रत्येक जागेला नजर कुठे हे ठरलेलं असावं: जज बसतात त्या बाजूला, त्यांच्या डोक्याच्या किंचित वर. एकाच जजच्या डोळ्यांत रोखून बघितलं तर दोघींनाही अवघडल्यासारखं होतं. हनुवटी मॅटला समांतर ठेवायची. ती खाली गेली की छतावरच्या उजेडात डोळ्यांखाली सावली पडते आणि चांगला भावही दिसत नाही. या जागा आधी साहित्याशिवाय, नुसत्या चालत, संगीतावर करून घ्या. हात मोकळे असताना जे येत नाही ते क्लब्ज हातात आल्यावर येणार नाही.

आता एक चाचणी, ही घरीही करता येते. रूटीनचे शेवटचे २०-२५ सेकंद आधी सुटे करून घ्या, मग पूर्ण रूटीनच्या शेवटी तेच बघा. सुटं करताना चेहरा छान आणि पूर्ण करताना मेलेला, तर भावांचे धडे देऊन वेळ घालवू नका. तिचा दम कमी पडतोय. पूर्ण रूटीन, मिनिटभर विश्रांती, लगेच पुन्हा मागचा अर्धा भाग, असं आठवड्यातून दोन-तीनदा करून घ्या. सुटं करतानाही चेहरा कोरा असेल, तर बहुतेक वेळा संगीत तिचं नसतं.

संगीताबद्दल माझं मत ठाम आहे. दहा वर्षांच्या मुलीला ठसकेबाज लावणीची चाल देऊन नखरे करायला लावू नका. तिला त्यातलं काही कळत नाही, ती ताईची नक्कल करते, आणि जजला दिसते ती नक्कलच. गंभीर स्वभावाच्या मुलीला संथ, ठाम चाल द्या; अवखळ मुलीला ढोलाचा ठेका द्या. दोन-तीन तुकडे लावून तिला नुसतं वावरू द्या, कोणत्या तुकड्यावर तिचे खांदे आपोआप हलतात ते बघा.

भरतनाट्यम शिकलेल्या मुलींना याचा फायदा होतो, नजर हाताबरोबर जाण्याची सवय असते. पण भुवया उडवणं, डोळे मोठे करणं इथे कमी करावं लागतं. नाट्यगृहात चेहऱ्यावर प्रकाश सोडलेला असतो, नर्तिका बराच वेळ समोर तोंड करून असते. इथे १३ बाय १३ मीटरच्या मॅटवर ती सतत फिरते. जजला चेहरा दिसतो तो क्षणाक्षणाचा. त्या क्षणात छाती, मान आणि चेहरा एकच गोष्ट सांगत असतील तरच भाव पोहोचतो.

साहित्य पडलं तर? उचलायला किती पावलं जावं लागलं त्यावर ०.५ पासून १ गुणापर्यंत जातात. ते गेलेच. मुली त्यानंतर जीभ चावतात, कोचकडे बघतात, आणि पुढचे १५ सेकंद चेहरा ओशाळलेला राहतो. याचा सराव मुद्दाम करून घ्यावा लागतो: सरावात मध्येच "पडला" म्हणा, तिने हूप खाली टाकायचा, उचलायचा, श्वास सोडायचा आणि संगीत पकडायचं. कोचकडे बघायचं नाही. हे इतकं करा की पडणं तिला ओळखीचं वाटेल.

व्हिडिओ काढताना फोन आठ-दहा मीटरवर, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. झूम करू नका, जजही झूम करत नाहीत. पाहताना आधी आवाज बंद करा. आवाजाशिवाय संगीत आनंदी आहे की गंभीर हे आजीला सांगता आलं, तर काम जमलं.

मेकअप हलका ठेवा, नियमही तोच आहे. काजळ घामाने ओघळतं, आणि ठाण्याच्या मे महिन्यात तर वॉर्म-अपलाच. स्पर्धेच्या दिवशी गॅलरीतून "हस गं!" म्हणून ओरडू नका, ती आवाजाच्या दिशेने वर बघते आणि नेमकी पिव्हटच्या (एका पायावरच्या गिरकीच्या) आधी नजर हरवते. बसायचं असेल तर तिला सहज दिसणार नाही अशा कोपऱ्यात बसा, टाळ्या शेवटच्या सॅल्यूटनंतर वाजवा.