वार पडेपर्यंत

पहिल्या खेपेला कळा सुरू झाल्यापासून बाळ हातात यायला एकोणीस तास लागले होते. ते बाळंतपण माहेरी, वाळवा तालुक्यात झालं, दवाखाना घरापासून चालत दहा मिनिटांवर. त्यामुळे जुलै २०२४ मध्ये, ढेबेवाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीत, रात्री दोन वाजता ओटीपोटात कळ आली तेव्हा मी ह्यांना उठवलंसुद्धा नाही. दिवसभर चिखलात लावणी करून आले होते. म्हटलं, पहाटे निघू, अजून पुष्कळ वेळ आहे.

वेळ नव्हता. उपकेंद्रातल्या सिस्टरनी मला आठव्या महिन्यातच बजावलं होतं की दुसऱ्या खेपेला वाट मोकळी झालेली असते, सगळं पहिल्याच्या निम्म्या वेळात उरकू शकतं, तेव्हा तारखेच्या दहा-बारा दिवस आधी खाली कराडला येऊन राहा. चुलत दिरांकडे खोलीही ठरली होती. पण रोपं लावणीला आली होती, पाऊस धरला होता, माणसं मिळत नव्हती. तारीख सव्वीस जुलै होती आणि आम्ही लावणी आटपायची वाट बघत राहिलो. माझ्यासारखी कुणी दुसऱ्या खेपेची असेल आणि दवाखाना लांब असेल, तर तिने शेताकडे बघू नये, एवढ्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे.

तीन वाजून दहा मिनिटांनी पाणी गेलं आणि त्याबरोबर कळांचा सूरच बदलला. दोन कळांमध्ये श्वास घ्यायलाही उसंत मिळेना. ह्यांनी १०८ ला फोन लावला, गाडी निघालीही, पण घाटातल्या वळणावर झाड आडवं पडलं होतं. अलीकडचे लोक कुऱ्हाडी घेऊन धावले, तरी ते काम तासाभराचं. आशाताई, म्हणजे आमच्या वाडीच्या आशा कार्यकर्त्या, खालच्या वाडीत राहतात. त्यांना फोन केला तेव्हा त्या बॅटरी घेऊन पायीच निघाल्या, आणि चालता चालता बोलत राहिल्या.

आमच्या घरात रेंज येत नाही, फक्त ओट्याच्या टोकाला येते. मग असं झालं की ह्यांनी ओट्यावर पावसात उभं राहून फोन कानाला धरायचा, आशाताई सांगतील ते आत ओरडायचं, आणि आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, ते माझ्या कानाशी पुन्हा सांगायचं. "साबणानं कोपरापर्यंत हात धुवा." "धुतलेली सुती लुगडी काढा, वाळलेली." "तिला उताणी झोपवू नका, तिला बरं वाटेल तशी बसू द्या." मी मधल्या खांबाला मिठी मारून गुडघ्यांवर होते.

शेजारच्या आज्जींना आत्यांनीच हाक मारली. ऐंशी ओलांडलेल्या, वाडीतली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली. पण दवाखान्याची सवय लागल्यापासून कितीतरी वर्षांत त्यांनी हे काम केलं नव्हतं. त्या आल्या, हात धुतले, माझ्या कमरेला दोन्ही तळवे लावून दाबत राहिल्या. त्या दाबण्याने मला जेवढा उतार पडला तेवढा कशानेच पडला नाही. डोकं दिसायला लागलं तसं त्या म्हणाल्या, "आता जोर करू नगंस पोरी. चुलीला मारतीस तशी फुकर मार." मी फुंकत राहिले. डोकं सावकाश आलं, पुढच्या कळेला खांदे, आणि चार वाजून दहा मिनिटांनी ती आज्जींच्या हातात होती. अंगाला पांढरा चिकटा, मूठ गालाशी. कोरड्या लुगड्याने पाठ चोळली तशी ती रडली. बाहेर ओट्यावर ह्यांनी ते ऐकलं आणि फोनवर काही बोलायचेच थांबले. पलीकडून आशाताई "काय झालं, रडलं का, रडलं का" विचारतायत आणि ह्यांना उत्तर देता येईना.

सगळ्यांना वाटलं, सुटली. मलाही तसंच वाटलं. खरं तर त्यानंतरचा पाऊण तासच मला आयुष्यभर लक्षात राहील.

आशाताईंचा निरोप आला: बाळाला आंघोळ घालू नका, पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवा, डोकं झाका, वरून दोघींना पांघरूण घाला. नाळ आत्ता कापू नका, सिस्टर निर्जंतुक सामान घेऊन निघाल्या आहेत. आज्जी म्हणाल्या, "आमीबी वार पडल्याबिगर नाळ कापत नव्हतो." वार म्हणजे नाळ जिला जोडलेली असते ती, बाळामागून बाहेर पडते. मला तेव्हा फार धीर आला, की फोनवरची बाई आणि ही बाई एकच सांगतायत. मी बोटात नाळ धरून पाहिली. निळसर, दोरखंडासारखी पिळलेली, जाड, आणि आत ठोके चालू होते. थोड्या वेळाने ते मंद झाले, मग थांबले, आणि नाळ पांढरी, लुळी पडली.

पण वार काही पडेना. साडेचारच्या सुमारास आशाताई येऊन पोचल्या, गुडघ्यापर्यंत चिखल. वीस मिनिटं होऊन गेली होती. आज्जींचा जुना उपाय म्हणजे वेणीचं टोक बाळंतिणीच्या तोंडात घालायचं, म्हणजे ओकारीची उबळ येते आणि त्या जोराने वार सुटते. दुसरं कुणीतरी म्हणालं, नाळ हलकेच ओढा. आशाताई मध्ये उभ्या राहिल्या. "नाळ कुणी ओढायची नाही. तुटली किंवा गर्भपिशवी उलटली तर मी काही करू शकणार नाही." मोठ्या आवाजात नाही, पण अशा सुरात की कुणी हात पुढे केला नाही. त्यांनी बाळाला छातीला लावायला सांगितलं. बाळाने चोखलं की गर्भाशय आकसतं आणि वार सुटायला मदत होते. तिला नीट धरता येत नव्हतं, पण ती चाटत होती, तेवढ्यानेही पोटात कळ उठत होती.

रक्त मात्र जात होतं. अंगाखालचं लुगडं बदललं ते आत्या उचलून मोरीत टाकायला निघाल्या, तर आशाताई म्हणाल्या, "टाकू नका, सिस्टरना दाखवायचंय." अर्धा लिटरच्या वर गेलं तर ते जास्त धरतात, आणि किती गेलं हे भिजलेल्या कपड्यावरूनच कळतं. हात-पाय गार पडल्यासारखे वाटत होते. छातीवर ती इतकी ऊन होती आणि मी इतकी गार.

पावणेपाचला सिस्टर दुचाकीवरून आल्या. आधी पोट चाचपून आत दुसरं बाळ नाही याची खात्री केली, मग मांडीत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, दहा युनिट. नाळेला चिमटे लावून ती कापली. काही मिनिटांत पोट कडक झालं. एक हात ओटीपोटावर दाबून धरून दुसऱ्याने त्यांनी नाळ बेताने खाली घेतली, आणि वार आली. ती त्यांनी परातीत पसरून, उलटीपालटी करून, एखादा तुकडा आत राहिलाय का ते पाहिलं. मग माझा हात धरून बेंबीच्या खाली ठेवला. "हे नारळासारखं घट्ट लागतंय का? असंच राहायला हवं. मऊ लागलं की चोळा आणि मला हाक मारा." तो घट्ट गोळा मला अजून हाताला आठवतो.

सातला गाडी आली. दवाखान्यात एक टाका पडला, दोन दिवस ठेवलं. हिमोग्लोबिन दहाच्या वर होतं ते पावणेनऊवर आलं. बाळाला के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब हे चोवीस तासांच्या आत झालं. वजन दोन किलो सातशे.

घरी आल्यावर आशाताईंच्या फेऱ्या चालू राहिल्या. घरी जन्मलेल्या बाळासाठी पहिल्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सात फेऱ्या ठरलेल्या असतात. वजन, ताप, श्वास मोजणं, बेंबी बघणं आणि मला दर वेळी एकच प्रश्न, अंगावरून किती जातंय.

"घरीच झालं, किती नशीबवान" असं पुष्कळ जणींनी म्हटलं. मला तसं वाटत नाही. त्या रात्री औषध आणि ते देणारी बाई चिखलातून वर आली म्हणून मी आहे. सिस्टर ज्या रस्त्याने आल्या त्यावर झाड पडलं असतं तर त्याही अडकल्या असत्या.

नोंदणीचं मात्र सोपं गेलं. घरी जन्म झाला की घरच्यांनीच एकवीस दिवसांत ग्रामपंचायतीत कळवायचं, तेवढ्यात पैसे पडत नाहीत. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार, म्हणून हे बाराव्या दिवशीच गेले. दुसरं मूल मुलगी असल्याने मातृवंदना योजनेच्या सहा हजारांचा अर्जही आशाताईंनी भरून घेतला.

नोंदणीच्या अर्जात एक रकाना असतो, प्रसूतीच्या वेळी कोण होतं: दवाखाना, डॉक्टर किंवा नर्स, पारंपरिक दाई, नातेवाईक. ह्यांनी तिथूनच फोन करून विचारलं, काय लिहू. बाळ सिस्टर यायच्या आधीच आलं होतं. आज्जी तेव्हा माझ्यासमोर पायांवर तिला घेऊन तेल लावत बसल्या होत्या. मी म्हटलं, दाई लिहा. आज्जींनी वर पाहिलं, म्हणाल्या, "कागदावर?" आणि पुन्हा तिच्या टाळूवर तेल थापायला लागल्या.