मुळाक्षरांच्या क्रमाविषयी थोडेसे

पहिलीच्या मुलांकडून 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंतची सगळी अक्षरे आधी पाठ करून घ्यायची आणि मगच बाराखडीकडे वळायचे, ही पद्धत मला पटत नाही, कारण त्यामुळे अर्थपूर्ण शब्द वाचण्याचा आनंद मुलांच्या वाट्याला फार उशिरा येतो. वर्णमालेतील व्यंजनांची मांडणी उच्चारस्थानांनुसार केलेली आहे आणि ती सुरेखच आहे. परंतु 'ङ' आणि 'ञ' यांच्यावाचून सहा वर्षांच्या मुलाचे काहीही अडत नाही. त्याऐवजी म, क, न, ल ही अक्षरे आणि सोबत काना शिकवला, तर 'नाक', 'कान', 'काका', 'मामा', 'मला' हे शब्द थोड्याच दिवसांत वाचता येतात. घ आणि ध किंवा भ आणि म अशा दिसायला सारख्या जोड्या मात्र एकाच वेळी शिकवू नयेत.

खरी अडचण पहिल्या वेलांटीपाशी येते. तिचा उच्चार व्यंजनानंतर होतो, पण ती लिहिली जाते व्यंजनाच्या आधी. त्यामुळे ऐकू येईल त्या क्रमाने लिहिणारे मूल तिला अक्षराच्या उजवीकडे नेते आणि तिची दुसरी वेलांटी होऊन बसते. ही चूक निष्काळजीपणाची नसून तर्काची आहे (मोठ्यांचे ऱ्हस्वदीर्घ तरी कुठे निर्दोष असते!). अशा वेळी वहीत लाल खुणा करण्याऐवजी तो शब्द मुलाने लिहिलेल्या शब्दाखाली शुद्ध लिहून दाखवावा आणि दोन्हींतील फरक त्यालाच शोधू द्यावा.