दोन वह्यांच्या मधली जागा

स्मरणिकेत आठवणींना तोटा नसणार, म्हणून हे पान दोन विषयांच्या हिशोबाला देतो: गणित आणि सामाजिक शास्त्रं. वेळापत्रकात हे तास शेजारी आले तरी वह्या वेगळ्याच राहतात. पुढे अंगावर पडणारी कामं मात्र बरीचशी या दोन वह्यांच्या मधल्या जागेतली असतात.

नकाशाचं प्रमाण घ्या. १ : ५०,००० म्हणजे कागदावरचा १ सेंमी, जमिनीवर ५०० मीटर. इथवर सगळ्यांना जमतं. पाय घसरतो तो क्षेत्रफळात. १ चौरस सेंमीला ५०० चौरस मीटर लिहून मुलं मोकळी होतात. खरं उत्तर ५०० × ५००, म्हणजे २,५०,००० चौरस मीटर, अर्थात २५ हेक्टर. बृहद्‌प्रमाण आणि लघुप्रमाण यांचा घोळही अपूर्णांकातलाच. छेद मोठा तितका अपूर्णांक लहान, म्हणून १ : १०,००० हे १ : ५०,००० पेक्षा मोठं प्रमाण. एवढं उमगलं की पाठांतराची गरज उरत नाही. आणि अंकप्रमाण, रेषाप्रमाण असे प्रकार का शिकवतात ते झेरॉक्सच्या यंत्रापाशी कळतं. नकाशा दीडपट मोठा करून काढला की छापलेलं ‘१ : ५०,०००’ खोटं होतं; आता ते साधारण १ : ३३,३३३ असतं. रेषाप्रमाणाची पट्टी मात्र नकाशाबरोबरच ताणली जाते आणि खरी राहते.

वितरणाच्या नकाशात क्षेत्रघनी पद्धत, म्हणजे प्रत्येक भागाला आकड्यानुसार फिकी-गडद छटा देण्याची रीत, वापरताना एकूण लोकसंख्येला छटा देऊ नये, घनतेला द्यावी. नाहीतर आकाराने मोठा, विरळ वस्तीचा जिल्हा गडद दिसतो आणि गजबजलेला छोटा जिल्हा फिका.

नागरिकशास्त्रात ‘लोकसंख्येच्या प्रमाणात जागा’ हे तीन शब्द सहज येऊन जातात. ते पाटीवर मांडून पाहावेत. तीन भाग, लोकसंख्या ६, ६ आणि २ हजार, जागा १०. वाटे येतात ४.२९, ४.२९ आणि १.४३. पूर्णांक दिले की ९ जागा संपतात. उरलेली एक सर्वांत मोठ्या अपूर्णांकाला, म्हणजे धाकट्या भागाला. वाटणी ४, ४, २. आता जागा ११ करा. वाटे ४.७१, ४.७१, १.५७. पूर्णांकांत पुन्हा ९ गेल्या, उरल्या दोन आणि त्या दोन्ही थोरल्यांनी नेल्या. वाटणी ५, ५, १. एकूण जागा वाढल्या आणि धाकट्याची एक गेली! बेरीज कुठेही चुकलेली नाही. अमेरिकेत १८८० च्या जनगणनेनंतर हेच आढळलं: प्रतिनिधिगृहाच्या जागा २९९ ऐवजी ३०० धरल्या तर अलाबामा राज्याच्या ८ च्या ७ होत होत्या. अपूर्णांकांचं काय करायचं हा नियम माणसंच ठरवतात, आणि तो कोणी व का ठरवला हे विचारणं नागरिकशास्त्राचं काम. दोन्ही शिक्षकांनी हा एक तास मिळून घ्यावा, असं मनापासून वाटतं.

व्याजाच्या धड्यात सूत्र शिकवतात; मुद्दल कोणती धरायची हा प्रश्न मात्र निसटतो. १,००,००० चं कर्ज, १२ टक्के, २ वर्षं, २४ मासिक हप्ते. ‘फ्लॅट’ दराने व्याज २४,००० आणि हप्ता सुमारे ५,१६७. घटत्या शिलकीवर त्याच १२ टक्क्यांनी हप्ता सुमारे ४,७०७ आणि एकूण व्याज १३,००० च्या आतच. कारण साधं आहे. दर हप्त्याला मुद्दल कमी होत जाते, फ्लॅटमध्ये मात्र फेडलेल्या रकमेवरही शेवटपर्यंत व्याज लागत राहतं. घटत्या शिलकीच्या भाषेत तो दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. तेव्हा दर ऐकला की पुढचा प्रश्न ‘कशावर?’ हाच हवा. टक्केवारीचंही तेच: ४० टक्क्यांचे ५० झाले तर ती १० टक्के-अंकांची वाढ आणि २५ टक्क्यांची वाढही, जाहीर करणारा आपल्या सोयीची निवडतो.

इतिहासाला वजाबाकी लागते, तीही जपून. इ. स. पू. १ नंतर थेट इ. स. १ येतं, मध्ये शून्य वर्ष नाही, म्हणून इ. स. पू. ५० ते इ. स. ५० हे अंतर ९९ वर्षांचं. महोत्सवांत हीच चूक वेगळ्या वेषात येते. जून २००१ मध्ये सुरू झालेल्या एखाद्या संस्थेला २५ वं वर्ष जून २०२५ मध्ये लागतं, २५ वर्षं पूर्ण होतात ती जून २०२६ मध्ये. पत्रिकेवर यातलं काय छापायचं ते आधी ठरवावं, मग मजकूर छापखान्यात धाडावा.