फणसापलीकडचं घर

सावईवेऱ्याच्या बाजूचं एक जुनं घर विकायला काढलं होतं. आधी कुणीतरी काढलेले त्याचे फोटो एजंटने मला व्हॉट्सॲपवर पाठवले, आणि गिऱ्हाईक येऊन हात हलवत परत का जातं ते पहिल्याच फोटोत कळलं. राजांगण, म्हणजे घराच्या मधलं उघडं अंगण, एखाद्या मंगल कार्यालयाच्या हॉलएवढं दिसत होतं. कडेचे लाकडी खांब बाहेर कललेले, कोपऱ्यातली खुर्ची ताणून बाकाएवढी झालेली, आणि आकाश असं निळंशार की ऐन पावसाळ्यात गोव्यात तसं कुणी पाहिलेलं नसेल. 14-16 मिलिमीटरची, फार रुंद दृश्य पकडणारी लेन्स लावून, कॅमेरा खाली झुकवून फोटो काढला की हे असं होतं. मुंबई-पुण्याची माणसं ते फोटो बघून गाडी काढून आली, दारातून आत शिरली आणि ‘एवढंच?’ म्हणाली. घर चांगलं ऐसपैस होतं. फोटो बघून मनात भरलेल्या घरापुढे मात्र ते तोकडं पडत होतं.

विकाऊ घरांचे फोटो काढणं हा माझा धंदा आहे. जास्त काम बार्देशातलं, आसगाव, शिवोली, हणजूण. तिथले नवे व्हिले फोटोसाठीच बांधलेले असावेत इतके सोपे असतात. पांढऱ्या भिंती, मोठ्या काचा, निळा पूल. संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर घरातले दिवे लावायचे, आकाशात निळाई असेतो वीसेक मिनिटांत मुख्य फोटो उरकायचा. अंत्रुज महालातलं, म्हणजे इकडच्या फोंडा भागातलं, जुनं घर असं पटकन हाती लागत नाही. ते मधोमध उघडं आणि बाकी सगळीकडे काळोखी. राजांगणात डोळे दिपतात आणि चार पावलांवरच्या पडवीत माणसाचा चेहरा ओळखू येत नाही.

एजंट म्हणाला, “चतुर्थीनंतर लगेच या. सगळी माणसं घरात मिळतील.” त्यालाही कारण होतं. घर चार भावांचं, वर्षभर कुलूप, चतुर्थीला तेवढं उघडायचं. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरतात, त्यामुळे घर विकायचं तर भावांइतकीच त्यांच्या बायकांची सही महत्त्वाची. फोटोतलं काही एकीला जरी खटकलं तरी व्यवहार अडतो. म्हणून सगळ्यांसमोरच काम करायचं ठरलं.

मी डिचोलीचा. वळवईला फेरीबोटीतून उतरलो तेव्हा पाऊस झिमझिमत होता. गाडीतला एसी वाटेतच बंद केला होता. थंड गाडीतून कॅमेरा एकदम दमट हवेत काढला की लेन्सवर वाफ धरते आणि ती जाईपर्यंत नुसतं बसून राहावं लागतं. ड्रोनचा विषय पावसानेच मिटवला. एजंट नाराज झाला, पण मला ते आभाळ हवंच होतं. कडक उन्हात राजांगण पांढरंफटक पडतं, ढगाळ दिवशी उजेड मऊ होऊन पडवीपर्यंत शिरतो.

ट्रायपॉड मी पडवीत, साधारण 4 फूट उंचीवर लावला. कॅमेऱ्याची पातळी बघून घेतली, कारण तो जरा जरी वरखाली झुकला तरी खांब तिरके पडतात, आणि खांब तिरके दिसले की घर पडायला आल्यासारखं वाटतं. लेन्स 24 मिलिमीटरवर ठेवली. त्यात राजांगणाची एक बाजू सुटत होती, सुटू दिली. घरातले पिवळे बल्ब विझवायला लावले. वरून येणारा उजेड निळसर आणि बल्बचा पिवळा, दोन्ही एकत्र आले की भिंत कावीळ झाल्यासारखी दिसते.

मी बटण दाबणार तेवढ्यात थोरल्या काकू म्हणाल्या, “आत्ता नको. पागोळ्या थांबू देत. त्या थांबल्या की जमीन बघा.” मी थांबलो. पाऊस ओसरला, कौलांवरून गळणारं पाणी धारेवरून थेंबांवर आलं आणि राजांगणाच्या कडेच्या चरातून वाहून गेलं. मग पडवीची लाल जमीन, वर्षानुवर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेली, वरचा सगळा उजेड घेऊन उजळली. तिच्यात खांबांची प्रतिबिंबं उतरली. चिऱ्याच्या पायऱ्या भिजून गडद तांबड्या झालेल्या, मधे वृंदावन, त्यावर तुळस. लेन्सवर पोलरायझर होता. तो पूर्ण फिरवला असता तर जमिनीवरची सगळी चकाकी गेली असती, म्हणून अर्ध्यावर ठेवला. एकाच जागेवरून कमी-जास्त उजेडाचे 5 फोटो घेतले, नंतर जोडायला. त्या घरात नांदलेल्या बाईला तिथल्या उजेडाची वेळ माहीत होती, आणि माझ्या मते त्या दिवसाचा सगळ्यात चांगला फोटो त्यांच्यामुळे झाला.

वृंदावनावरचं शेवाळ खरवडायला धाकटा भाऊ नारळाचं सोडण घेऊन आला होता. मी त्याला पायऱ्या घासायला सांगितल्या, तिथे माणूस घसरतो. वृंदावन तसंच राहू दिलं.

गणपतीच्या खोलीत माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधायची, लाकडी चौकट अजून वरच्या वाशांना टांगलेली होती. सुपारीचे घोस, तोरिंजन, अंबाडे सगळं उतरवलेलं, नुसत्या सुतळ्या लोंबत होत्या. एजंट म्हणाला, “ते लाकूड काढा, फोटोत अडगळ दिसते.” मी सुतळ्या तेवढ्या कापायला लावल्या, चौकट ठेवली. गोव्याच्या माणसाला ती बघून खोली कशाची हे सांगावं लागत नाही, आणि बाहेरचा माणूस निदान विचारील तरी. शिवाय एवढं ओझं पेलणारे वासे धडधाकट आहेत हे तिथे आपोआप दिसतं. देवघराचा फोटो नको, असं चारही जावांचं एकमत होतं. मी कोरीव दार ओढून घेतलं आणि बंद दाराचा फोटो काढला.

खरा पेच बाहेर आला. घराचं दर्शनी रूप सगळ्यात चांगलं विहिरीच्या अंगाने दिसत होतं. उतरतं कौलारू छप्पर, ओटा, मागे कुळागराची, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेची, हिरवी भिंत. पण त्या कोनातून उजव्या हाताला, फणसाच्या पलीकडे, मुंडकाराचं घर येत होतं. अर्ध्या छपरावर निळी ताडपत्री, टीव्हीची तबकडी, दोरीवर कपडे. एजंट माझ्या कानाशी लागला, “फोटोशॉपमध्ये उडवा. दोन मिनिटांचं काम.”

काम दोन मिनिटांचंच होतं, हे खरं. मी नाही म्हणालो. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, भाटाच्या म्हणजे बागायती जमिनीच्या मालकाच्या, जमिनीत घर करून राहिलेलं कुटुंब. 1975 च्या मुंडकार कायद्याने त्याला सहजासहजी उठवता येत नाही, आणि घराखालची-भोवतालची जागा ठरल्या रीतीने विकत घेण्याचा हक्कही त्याला आहे. ज्याला हे भाट विकत घ्यायचंय त्याला ते कुटुंब शेजारी म्हणून मिळणार आहे, त्यांची वाटही याच आवारातून जाते. तार, खांब, कचरापेटी मी खुशाल फ्रेमच्या बाहेर ठेवतो, त्यासाठी दोन पावलं सरकणं हे माझं कामच आहे. पण माणसं राहतात ते घर फोटोतून पुसायचं आणि घेणाऱ्याने दारात उभं राहिल्यावर ते बघायचं, हे मला जमणार नाही. आधीच्या फोटोंनी राजांगण वाढवलं होतं, मी मुंडकार कमी केला असता. घेणाऱ्याची फसवणूक दोन्हीकडे सारखीच.

धाकटा भाऊ तापला. “असल्या फोटोने भाव पडतो. दुसऱ्या बाजूने घ्या.” दुसऱ्या बाजूने घराचं अर्धं तोंड झाडाआड जात होतं, तेही मी कॅमेऱ्यात त्याला दाखवलं. थोरले दादा इतका वेळ ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. ते म्हणाले, “मामलेदाराकडच्या वहीत त्यांचं नाव लागलंय. घेणाऱ्याचा वकील ते पहिल्या दिवशी बघणार. मग फोटोत लपवून कुणाला फसवताय?” त्यावर धाकटा गप्प झाला, पण त्याला ते पटलं होतं असं नाही.

बोलणं पलीकडे ऐकू गेलं असावं. त्या घरातली बाई बाहेर आली आणि मला विचारू लागली, “कपडे काढू का हो? फोटोत बरे दिसणार नाहीत.” मी म्हटलं, “तुमची इच्छा असेल तर काढा, नसेल तरी चालेल.” तिने काढले, अंगण झाडलं, दारातली बादली आत नेली. आपण फोटोत यायचं नाही ना, हे खात्रीने विचारून घेतलं आणि दार लोटून घेतलं. मी तो फोटो काढला.

घरी आल्यावर 5-5 फोटो जोडले, उजेड समतोल केला, खिडक्यांबाहेरचं कुळागर दिसेल इतपत खेचून आणलं. आकाश राखाडी होतं तसंच ठेवलं. एजंटचा फोन आलाच, “निळं टाका ना.” हल्ली मोबाइलवरही आकाश बदलता येतं, त्यामुळे ते न बदलण्याचं कारण लोकांना पटवावं लागतं. ओला चिरा, भिजलेली कौलं आणि वर लख्ख निळं आकाश, बघणाऱ्याला नेमकं काय खुपतंय ते सांगता येत नाही, पण खुपतं.

जाहिरात तशीच लागली. फोन कमी आले, हे एजंटने मला मुद्दाम सांगितलं. मग मडगावच्या एका जोडप्याचा आला, आणि त्यांचा पहिला प्रश्न फणसापलीकडच्या घराबद्दल होता: त्यांची जागा मोजून झाली आहे का, वाट कुठून. दादांनी स्वतः फोनवर सगळं सांगितलं. ते दोघं येऊन घर बघून गेले, मोबाइल हातात धरून खोल्या ताडून बघितल्या, वृंदावनापाशी बराच वेळ उभे होते, आणि जाता जाता पलीकडच्या अंगणातही डोकावून बोलून आले. आता कागदपत्रं त्यांच्या वकिलाकडे आहेत. तिसऱ्या भावाच्या पत्नी चतुर्थी आटपून कुवेतला परत गेल्या, त्यांचं मुखत्यारपत्र आलं की साठेखत होईल.