एक्झोम निगेटिव्ह, एमसीव्ही १०८

गृहस्थ साठीच्या पुढचे. महिनोन्‌महिने ताप, अंगावर दुखरे लाल चट्टे आणि दोन्ही कान सुजून लालबुंद. खालची मऊ पाळी मात्र शाबूत, कारण तिथे कूर्चा नसते. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड २० मिलिग्रॅमच्या खाली आणलं की ताप परत हजर. हिमोग्लोबिन ८.२. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, १०८, नेहमीपेक्षा मोठा. बी-१२ आणि फोलेट नॉर्मल. एक्झोमचा, म्हणजे प्रथिनं घडवणाऱ्या सगळ्या जनुकभागांच्या तपासणीचा, रिपोर्ट निगेटिव्ह.

या वयाच्या पुरुषात कूर्चेचा दाह आणि मोठ्या आकाराच्या लाल पेशी एकत्र दिसल्या, की निगेटिव्ह रिपोर्टवर थांबू नये, असं माझं ठाम मत आहे. मी मूळ बॅम फाईल (वाचलेल्या डीएनए-तुकड्यांची कच्ची नोंद) मागवून घेतली आणि यूबीए१ जनुकाच्या तिसऱ्या एक्झॉनवर (जनुकाच्या तिसऱ्या तुकड्यावर), ४१व्या कोडॉनपाशी (एक अमिनो आम्ल ठरवणाऱ्या तीन अक्षरांपाशी) गेलो. ५८ रीड्सपैकी, म्हणजे वाचलेल्या तुकड्यांपैकी, ३९ मध्ये 'ए'च्या जागी 'जी' होता. म्हणजे प्रथिनात मेथिओनिन हे अमिनो आम्ल जाऊन व्हॅलिन.

मग रिपोर्टमध्ये ते का आलं नाही? यूबीए१ एक्स गुणसूत्रावर आहे आणि पुरुषात एक्स एकच असतो. जन्मजात बदल असेल तर तो जवळपास सगळ्या रीड्समध्ये दिसायला हवा, नसेल तर एकाही नाही. असं मिश्र चित्र दिसलं की जन्मजात दोष शोधणारी फिल्टर्स त्याला यंत्राची चूक समजून बाजूला काढतात. हा बदल मात्र उतारवयात अस्थिमज्जेतल्या मूळ पेशीत घडतो. २०२० साली डॅनियल कॅस्टनर यांच्या गटाने २,५६० जणांचे एक्झोम लक्षणांऐवजी जनुकांच्या बाजूने चाळले, तेव्हा कुठे हा व्हेक्सास आजार सापडला. पहिल्या वर्णनात २५ रुग्ण होते, सगळे पुरुष.

रक्तावर सँगर, म्हणजे जनुकाचा तेवढाच भाग वाचणारी चाचणी, करून खात्री केली. बदल फक्त रक्तपेशींत आहे का, या तुलनेसाठी गालाच्या आतला स्वॉब चालत नाही, त्यात पांढऱ्या पेशी भरपूर येतात आणि बदल तिथेही दिसतो. त्वचेचा तुकडा घेऊन त्यातल्या फायब्रोब्लास्ट पेशी वाढवाव्या लागतात. वेळ जातो, पण उत्तर स्वच्छ मिळतं. त्यांत बदल नव्हता. मॅग्नेटिक बीड्सने वेगळ्या केलेल्या मोनोसाइट्समध्ये (मायलॉइड गटातल्या पांढऱ्या पेशींत) तो जवळजवळ सर्वत्र होता, टी-पेशींत (लसीका गटातल्या पेशींत) नाही. हा बदल असलेल्या लसीका पेशी टिकत नाहीत, मायलॉइड पेशी टिकतात आणि दाह पेटवत राहतात.

मेथिओनिन-४१ पासून यूबीए१चं पेशीद्रवातलं रूप तयार होतं. ते घटलं की प्रथिनांना युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लावायचं काम तुंबतं. मज्जेच्या स्लाइडवर मायलॉइड आणि एरिथ्रॉइड (लाल पेशींच्या) पूर्वपेशींत पोकळ्या दिसल्या, अगदी छिद्रं पाडल्यासारख्या.

“माझ्या मुलीला हे जाईल का, डॉक्टर?” हा त्यांचा पहिला प्रश्न. फायब्रोब्लास्टचा निकाल हातात होता, म्हणून “नाही” असं स्पष्ट सांगता आलं. या कोडॉनवरच्या तिन्ही नेहमीच्या बदलांत व्हॅलिनचा प्रकार जास्त घातक, त्यामुळे रक्तविकारतज्ज्ञांशी ॲझासायटिडिन हे औषध आणि मज्जा प्रत्यारोपण या दोन्हींची चर्चा त्याच आठवड्यात सुरू केली.